बिझीबॉक्स १.२४ वरून पुढे न्यायचा आहे: सुधारणांचा क्रम कसा लावावा?

पिनआउट यांचा प्रश्न:

मंडळी, एका औद्योगिक डेटा-लॉगरच्या फर्मवेअरमधला बिझीबॉक्स (लिनक्सच्या अनेक कमांड एकाच बायनरीत देणारा प्रोग्रॅम, त्यातली एकेक कमांड म्हणजे ॲप्लेट) बरीच वर्षे हात न लावता पडून आहे. आता एकदाच नीट आराखडा करून सुधारायचा आहे. तपशील असा:

एआरएम कॉर्टेक्स-ए७, एकच कोअर, ६४ एमबी रॅम, १६ एमबी एसपीआय नॉर फ्लॅश, इरेज ब्लॉक ६४ केबीचा. रूट फाइलसिस्टीमचे ए आणि बी असे दोन कप्पे आहेत, प्रत्येकी ५ एमबी. अपडेट फसलं तर यंत्र जुन्या कप्प्यावर परततं. स्क्वॉशएफएस (दाबलेली, फक्त वाचता येणारी फाइलसिस्टीम), एक्सझेड कॉम्प्रेशन. बिल्डरूट (फर्मवेअर बांधायचं साधन), मसल १.१ (सी लायब्ररी), बिझीबॉक्स १.२४.२. सेटिंग आणि काही शेल स्क्रिप्ट वेगळ्या लिहिण्याजोग्या कप्प्यावर आहेत आणि तो कप्पा ए-बी दोघांना सामाईक आहे.

बिझीबॉक्सवर सात स्थानिक पॅच चढवलेत:

१. वॉचडॉग (वेळेत टिचकी मिळाली नाही तर यंत्र रीबूट करणारा टायमर) सांभाळणारं ॲप्लेट एका फाइलची वेळ तपासतं आणि फाइल जुनी झाली तर टिचकी मारणं थांबवतं
२. टाइमआउटला ‘एवढ्या सेकंदांनी सरळ किल करा’ असा जादा पर्याय
३. सिसलॉगडीचा (लॉग नोंदवणारा) रॅममधला गोल बफर १६ ऐवजी ६४ केबी
४. यूडीएचसीपीसी (डीएचसीपी क्लायंट) आपलं होस्टनेम सर्व्हरला कळवतो
५. आयटूसी तापमान सेन्सर वाचणारं स्वतःचं ॲप्लेट
६. स्लीपला अपूर्णांकातले सेकंद चालावेत
७. लॉगिनच्या आधी दिसणारा मजकूर बदललेला

उद्दिष्टं तीन. बिझीबॉक्स १.३६.१ किंवा १.३७.० वर नेणे, रूटमध्ये निदान २०० केबी मोकळे करणे, आणि सेन्सरच्या ॲप्लेटमध्ये आणखी दोन सेन्सर घालणे. आधी काय, मग काय? आणि १.३६.१ घ्यावं की १.३७.०?

---

काटकसर यांचं उत्तर:

२०० केबीच्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच आराखडा चुकायची शक्यता जास्त.

बिझीबॉक्स जवळजवळ सगळे पर्याय चालू ठेवून बांधला तरी एक एमबीच्या घरात जातो. तुमचा कॉन्फिग आधीच छाटलेला असणार, तेव्हा तो त्याहून बराच कमी असेल. शिवाय तो स्क्वॉशएफएसमध्ये एक्सझेडने दाबला जातो. मशीन कोड साधारण निम्म्यावर येतो असं धरा, म्हणजे बायनरीतून १० केबी कापले की प्रतिमेत पाचेक केबी सुटतात. या हिशोबाने २०० केबी सोडवायला बायनरीतून ४०० केबी कापावे लागतील. तेवढं कापल्यावर उरलेल्यावर यंत्र चालणार नाही. ती जागा कर्नल मॉड्यूल्समध्ये, न वापरलेल्या लायब्ररीत किंवा टाइमझोनच्या फाइलींत शोधा. बिझीबॉक्सकडून ३०-४० केबी मिळाले तरी समाधान माना.

मोजमाप कसं करायचं ते आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. सोर्सच्या मुळाशी असलेल्या मेकफाइलमध्येच सोय आहे:

‘मेक बेसलाइन’ चालवलं की आत्ताची न सोललेली बायनरी ‘जुनी’ म्हणून बाजूला ठेवली जाते. मग बदल करा, पुन्हा बांधा आणि ‘मेक ब्लोटचेक’ चालवा. प्रत्येक फंक्शनचा जुना आकार, नवा आकार, फरक, आणि तळाशी एकूण बेरीज मिळते. हे यंत्राच्याच क्रॉस कंपायलरने करा. लॅपटॉपवरच्या एक्स८६ बिल्डमध्ये घटलेले बाइट एआरएमवर वाढलेले निघू शकतात. दोन मोजमापांच्या मध्ये कंपायलरची आवृत्ती बदलली, तर ते मोजमाप कचऱ्यात.

मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या यादीत) नावांपुढे आकार लिहिलेले असतात: ॲश ७८ केबी, हश ६८ (ही दोन्ही शेल), टार ३९, व्हीआय २३. हे वाचून बेरीज-वजाबाकी करू नका. त्या आकड्यात त्या ॲप्लेटला लागणारा सामाईक कोडही मोजलेला असतो. टार काढलंत आणि तेच डीकॉम्प्रेशन दुसरं कुणी वापरत असेल, तर ३९ केबी सुटणार नाहीत.

‘कॉम्प्रेस युसेज’ पर्याय मदतीचा मजकूर बीझिप२ ने दाबून ठेवतो. जिथे फाइलसिस्टीम कच्ची असते तिथे तो उत्तम. तुमच्याकडे वरून एक्सझेड आहे, आणि एकदा दाबलेला मजकूर पुन्हा दाबला जात नाही. त्यामुळे बायनरी लहान दिसते, प्रतिमेत मात्र फरक नगण्य. दोन्ही तऱ्हेने प्रतिमा बांधून स्क्वॉशएफएसचा शेवटचा आकार बघा, बायनरीचा नको.

आता काय कापू नये. हे महत्त्वाचं, कारण या गोष्टी बांधताना कुरकुर करत नाहीत, चालताना गचके देतात.

ॲशमधला ६४ बिट गणिताचा पर्याय बंद केला की २१४७४८३६४७ च्या पुढची बेरीज ऋण होते. नेटवर्क इंटरफेसचा बाइट-मोजणारा आकडा स्क्रिप्टमध्ये वापरत असाल, तर २ जीबी वाहून गेल्यावर हिशोब उलटा. बॅशशी जुळणारा पर्याय बंद केला की दुहेरी चौकटी कंसातली तुलना आणि व्हेरिएबलचा मधला तुकडा काढण्याची सोय जाते. स्क्रिप्टमधली ती ओळ क्वचितच चालणाऱ्या फाट्यावर असेल, तर चाचणीत कळतच नाही. फॅन्सी स्लीप काढलं की ‘स्लीप ०.५’ चूक दाखवून लगेच परततं, आणि ज्या लूपमध्ये ते आहे तो लूप सीपीयू खात बसतो. यातून सुटतात जेमतेम काहीशे बाइट ते एखाद-दोन केबी. चिंधी वाचवायला धोतर फाडू नये.

---

जुनाट_मेक यांचं उत्तर:

काटकसर यांनी आकाराचं सांगितलं, मी पॅचचं बघतो. सातपैकी चार-पाच आज रद्दच होतील.

तिसऱ्याला पॅच कशाला हवा? सिसलॉगडीला कॅपिटल सी पर्यायाला चिकटून ६४ लिहिलं की बफर ६४ केबीचा होतो. कॉन्फिगमधला आकडा ही फक्त मूळ किंमत. चौथाही गेला: यूडीएचसीपीसीच्या एक्स पर्यायाला ‘होस्टनेम:’ आणि पुढे नाव द्या. सहावा म्हणजे वर आलेला फॅन्सी स्लीप, कॉन्फिगमधून चालू करा. सातव्यासाठी इश्यू फाइल आहे, गेट्टी तिचा मजकूर छापतो. दुसरा, टाइमआउटचा के पर्याय आता मूळ सोर्समध्येच आहे. पण टाइमआउटपाशी खरा खड्डा वेगळा आहे.

१.३० मध्ये टाइमआउटची लिहिण्याची पद्धत बदलली. आधी ‘टाइमआउट, टी पर्याय, सेकंद, प्रोग्रॅम’ असं होतं. आता टी पर्यायच नाही, सरळ सेकंद आणि मग प्रोग्रॅम. जुन्या स्क्रिप्ट नव्या बिझीबॉक्सवर मदतीचा मजकूर छापून बाहेर पडतात आणि आतला प्रोग्रॅम चालतच नाही. तुमच्याकडे स्क्रिप्टचा कप्पा ए आणि बी दोघांना सामाईक आहे, म्हणजे स्क्रिप्ट दुरुस्त केल्या आणि यंत्र जुन्या कप्प्यावर परतलं, तर दुरुस्त केलेल्या स्क्रिप्ट जुन्या बिझीबॉक्सवर पडतील. नेमका परतीचा रस्ताच तुटेल. उपाय: सामाईक स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक छोटं शेल फंक्शन ठेवा. ते एकदा जुन्या पद्धतीने टी १ देऊन ‘ट्रू’ चालवून बघतं. शून्य आलं तर जुनी पद्धत, नाहीतर नवी. जुना कप्पा शेवटच्या यंत्रावरून जाईपर्यंत हे फंक्शन काढायचं नाही. खरं तर अशा स्क्रिप्ट रूटमध्येच असाव्यात, म्हणजे त्या आपापल्या बिझीबॉक्सबरोबर प्रवास करतात. आराखड्यात हे पहिल्या तीनांत घ्या.

स्वतःच्या ॲप्लेटचा पॅच जसाच्या तसा चढणार नाही. १.२४ मध्ये पर्यायांच्या अटी ‘ऑप्ट_कॉम्प्लिमेंटरी’ नावाच्या ग्लोबलमध्ये भरायच्या आणि मग ‘गेटऑप्ट३२’ बोलवायचं. १.२८ पासून तो ग्लोबल नाही. अटी त्याच स्ट्रिंगमध्ये जातात: सुरुवातीला टोपीचं चिन्ह, मग पर्यायांची अक्षरं, मग शून्य बाइट, मग अटी. टोपी विसरलात तर अटी वाचल्याच जात नाहीत, कंपायलरही गप्प बसतो.

दुसरं, ॲप्लेट सामाईक १ केबीचा बफर, म्हणजे ‘बीबी_कॉमन_बफसिझ१’, वापरत असेल तर सुरुवातीला ‘सेटअप_कॉमन_बफसिझ’ बोलवायला हवं. १.२४ च्या काळात ते नव्हतं. ते नसताना साध्या कॉन्फिगमध्ये सगळं ठीक चालतं. बीएसएसची (शून्याने भरलेल्या ग्लोबल मेमरीची) शेपूट वापरण्याचा पर्याय चालू केला, की तोच बफर पॉइंटर बनू शकतो आणि ॲप्लेट कोसळतं.

कॉन्फिगबद्दल: जुनी फाइल ठेवून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवलं आणि एंटर दाबत गेलात, तर मधल्या वर्षांत आलेली बरीच ॲप्लेट आपोआप आत शिरतात, कारण त्यांची मूळ किंमत ‘हो’ असते. उलट, ज्या पर्यायाचं नाव बदललंय तो मुकाट्याने गळतो. म्हणून आधी-नंतरच्या चालू पर्यायांच्या याद्या क्रमवार लावून डिफ बघा, ओळ न् ओळ. बिल्डरूटमध्ये ‘बिझीबॉक्स-मेनूकॉन्फिग’ नंतर ‘बिझीबॉक्स-अपडेट-कॉन्फिग’ चालवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या क्लीनला सगळं पुसलं जातं.

१.३६.१ की १.३७.०? १.३६.१ मे २०२३ चं, १.३७.० सप्टेंबर २०२४ चं. मी १.३७.० घेईन, दोन गोष्टी सांभाळून. एक, एसएचए१ चं हार्डवेअर प्रवेगक बंद ठेवा. ते एक्स८६ साठीच आहे आणि १.३७.० मध्ये चालू राहिलं तर एआरएमवर बिल्डच मोडतं. दोन, टीसी ॲप्लेट (नेटवर्कची वाहतूक आवरणारं). लिनक्स ६.८ च्या हेडरमधून सीबीक्यू ही त्यातली जुनी पद्धत काढून टाकली, आणि टीसीचा कोड त्या नावांवर अवलंबून आहे. इथे यंत्रावर कोणता कर्नल चालतो याचा संबंध नाही, टूलचेनमधले (कंपायलर आणि लायब्ररींच्या संचातले) हेडर कोणत्या आवृत्तीचे हे बघा. टीसी लागत नसेल तर काढून मोकळे व्हा.

कोणती ॲप्लेट खरोखर वापरली जातात ते शोधायचं तर यंत्रावर एस-ट्रेस (सिस्टीम कॉल टिपणारं साधन) लावून एक्झेकव्ह, म्हणजे नवा प्रोग्रॅम सुरू करणारे, कॉल नोंदवा, पूर्ण बूट आणि एक पूर्ण अपडेट एवढ्या काळात. पण त्या वेळी ‘प्रिफर ॲप्लेट्स’ आणि ‘स्टँडअलोन शेल’ बंद ठेवा. ते चालू असतील तर ॲप्लेट बहुतेक वेळा एक्झेक न होताच चालतं आणि यादीत दिसत नाही. शेलमध्येच अंगभूत असलेल्या टेस्ट, एको, प्रिंटएफ यांसारख्या कमांड तशाही दिसणार नाहीत. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या शेलचेकमध्ये ०.१०.० पासून बिझीबॉक्सची बोली निवडता येते, तेही एकदा फिरवून घ्या.

---

तिसरा_बिट यांचं उत्तर:

उरले पहिला आणि पाचवा. दोन्ही बिझीबॉक्सच्या बाहेर काढा असं माझं स्पष्ट मत.

वॉचडॉग. मूळ ॲप्लेट दर ३० सेकंदांनी टिचकी मारतं आणि ६० सेकंदांची मुदत लावतं, दोन्ही पर्यायांनी बदलता येतात. त्याला तुमचा मुख्य प्रोग्रॅम जिवंत आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून तुम्ही फाइलची वेळ तपासायचा पॅच केला. पण फाइलची वेळ म्हणजे घड्याळाची वेळ. बूट झाल्यावर एनटीपीने घड्याळ १९७० वरून आजवर उडी मारली, की फाइल अचानक पन्नासेक वर्षं जुनी दिसते आणि यंत्र विनाकारण रीबूट होतं. सांभाळायचंच तर मोनोटॉनिक घड्याळ लागेल, आणि ते फाइलच्या वेळेशी तुलना करता येत नाही.

सरळ मार्ग: मुख्य प्रोग्रॅमनेच वॉचडॉगचं डिव्हाइस उघडावं आणि आपल्या मुख्य लूपमधून टिचकी मारावी. वेगळ्या थ्रेडमधून नको. मुख्य लूप अडकला तरी तो थ्रेड टिचक्या मारत राहतो आणि सगळा खटाटोप वाया. डिव्हाइस एका वेळी एकालाच उघडता येतं, म्हणजे ॲप्लेट आधीपासून चालू असेल तर तुमच्या प्रोग्रॅमला ‘बिझी’ मिळेल. बूटच्या टप्प्यात ॲप्लेट आणि नंतर प्रोग्रॅम असं हस्तांतर करायचं तर लक्षात ठेवा: ॲप्लेटला टर्म सिग्नल दिला की ते जाताना व्ही हे अक्षर लिहितं आणि वॉचडॉग बंद करून जातं. कर्नलमध्ये नोवेआउट चालू असेल तर ते बंद होत नाही, आणि तेच हवं. मग मधल्या फटीत प्रोग्रॅम उठलाच नाही तर यंत्र रीबूट होऊन दुसऱ्या कप्प्यावर जाऊ शकतं.

सेन्सर. कोणता ते लिहिलं नाहीत, एलएम७५ सारखा धरतो. कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या हार्डवेअरच्या वर्णनात) नोंद केली की हार्डवेअर मॉनिटरच्या फोल्डरमध्ये ‘टेम्प१_इनपुट’ फाइल येते आणि तीत अंशाच्या हजाराव्या भागात आकडा मिळतो: २५५०० म्हणजे २५.५ अंश. फोल्डरचा क्रमांक बूटनुसार बदलू शकतो, तेव्हा ‘नेम’ फाइल वाचून योग्य फोल्डर शोधा. आणखी दोन सेन्सर घालायचे म्हणजे डिव्हाइस ट्रीत आणखी दोन नोंदी, सी कोड शून्य.

ड्रायव्हर नकोच असेल तर बिझीबॉक्सचं आयटूसीगेट आहे. पत्ता ०x४८, रजिस्टर ०, वर्ड पद्धत. इथे बहुतेक जण आपटतात: एसएमबसचा वर्ड खालचा बाइट आधी मानतो आणि एलएम७५ वरचा बाइट आधी पाठवतो. म्हणून २५.५ अंशाला ०x८०१९ दिसतं. बाइट उलटवले की ०x१९८०, त्यातला वरचा बाइट २५ आणि खालच्याचा सर्वांत वरचा बिट अर्धा अंश. शून्याखालचं तापमान असेल तर चिन्हाचा बिट स्वतः सांभाळावा लागतो. ड्रायव्हर जोडलेला असताना आयटूसीगेट नकार देतं. एफ पर्यायाने जबरदस्ती करता येते, पण दोघे एकाच चिपशी बोलू लागले की मधूनच चुकीचे आकडे येतात.

स्क्रिप्टमधून दर सेकंदाला वाचताना कॅटला डॉलर-कंसात बोलवू नका, दरवेळी फोर्क होतो, म्हणजे नवी प्रोसेस जन्मते. शेलचं अंगभूत ‘रीड’ आणि फाइलकडून इनपुट वळवणं, एवढ्यात काम होतं.

ॲप्लेटच हवं असा हट्ट असेल, तर पॅचचं रूप तरी सुटसुटीत ठेवा. कॉन्फिग, ॲप्लेटची नोंद, केबिल्डची ओळ आणि मदतीचा मजकूर हे चारही सी फाइलच्या माथ्यावर खास कॉमेंटमध्ये लिहिता येतात. त्यामुळे पॅच म्हणजे एकच नवी फाइल. दुसऱ्या कुठल्याही फाइलला स्पर्श नाही, आणि आवृत्ती बदलली की भांडण नाही.

---

पिनआउट:

तिघांचेही आभार. सेन्सर एलएम७५ जातीचाच आहे, ड्रायव्हरचा मार्ग धरतो. घड्याळाची उडी हे नेमकं निदान आहे, पहिल्या बूटनंतरचा तो गूढ रीबूट आता समजला.

तीन शंका उरल्या. स्क्रिप्टमध्ये फोर्क कमी करायला ‘प्रिफर ॲप्लेट्स’ चालू करावं का? ॲशऐवजी हश घेऊन १० केबी वाचवावेत का? लिंक टाइम ऑप्टिमायझेशनने आकार घटेल का? आणि फर्मवेअर बिझीबॉक्सच्या डब्ल्यूगेटने एचटीटीपीएसवरून उतरवतो, तिथे काही बदलायला हवं का?

---

काटकसर:

शंका तीन म्हणालात आणि विचारल्यात चार. असो.

प्रिफर ॲप्लेट्स: शेल, फाइंड, एक्सआर्ग्ज यांनी एखादी कमांड बोलवली की आधी स्वतःच्या पोटात ते ॲप्लेट आहे का ते बघायचं, असा त्याचा अर्थ. वेग मिळतो. पण ते ‘/प्रॉक/सेल्फ/एक्झी’ वर अवलंबून आहे, त्यामुळे प्रॉक माउंट होण्याआधी आणि सीएचरूटमध्ये गडबड. दुसरा फटका जास्त छुपा आहे: एखाद्या कामासाठी मुद्दाम पूर्ण आकाराचं टार बसवलं असेल, तरी शेल बिझीबॉक्सचंच टार चालवेल. ‘विच’ विचारलं तर ते मात्र पूर्ण टारचा मार्ग दाखवतं. तासभर डोकं खाजवायची तयारी ठेवा, किंवा अशा ठिकाणी पूर्ण मार्ग लिहा.

शेल नोफोर्क त्याहून पुढचं. त्यात काही ॲप्लेट शेलच्या प्रोसेसमध्येच चालतात. मूळ ॲप्लेट त्यासाठी तपासून खुणा केलेली आहेत. स्वतःचं ॲप्लेट नोफोर्क म्हणून नोंदवलंत, तर घेतलेली प्रत्येक मेमरी सोडणं आणि उघडलेली प्रत्येक फाइल बंद करणं तुमच्यावर, नाहीतर गळती थेट शेलमध्ये साचत जाते.

हश: नको. तो मुख्यतः एमएमयू (मेमरी व्यवस्थापन करणारा भाग) नसलेल्या यंत्रांसाठी, जिथे फोर्क नाही. दहा केबीसाठी सगळ्या स्क्रिप्ट पुन्हा तपासणं परवडत नाही.

लिंक टाइम ऑप्टिमायझेशन: सावधान. बिझीबॉक्समध्ये एक करामत आहे. ग्लोबलचा पॉइंटर एका फाइलीत कॉन्स्ट म्हणून जाहीर करतात आणि दुसऱ्या फाइलीत साधा म्हणून बनवतात, म्हणजे कंपायलर तो पुन्हा पुन्हा वाचत नाही. ही लबाडी दोन फाइली कंपायलरला वेगवेगळ्या दिसतात म्हणून खपते. सगळा प्रोग्रॅम एकत्र दिसला की खपेलच असं नाही. क्लँग किंवा विचित्र टूलचेनवर ॲश सुरू होताच कोसळत असेल, तर जादा सीफ्लॅगमध्ये ‘बीबी_ग्लोबल_कॉन्स्ट’ रिकामं ठरवा. करामत बंद होते, थोडे बाइट वाढतात. फंक्शनवार सेक्शन पाडून न वापरलेले लिंकरकडून गाळणं बिझीबॉक्सची मेकफाइल आधीच करते, तेव्हा फार मोठा लाभ उरलेला नसतो.

---

तिसरा_बिट:

डब्ल्यूगेटबद्दल: बिझीबॉक्सचा स्वतःचा टीएलएस कोड सर्टिफिकेट तपासत नाही. मजकूर वाटेत वाचता येत नाही, पण समोर तुमचाच सर्व्हर आहे याची हमी नाही. डब्ल्यूगेट तशी सूचना छापतंही, आपण एरर आउटपुट नलमध्ये सोडतो म्हणून दिसत नाही. ओपनएसएसएल जोडून तपासणी मिळते, मात्र ५ एमबीच्या कप्प्यात ओपनएसएसएल म्हणजे पाहुण्याने घर बळकावलं.

त्यापेक्षा फर्मवेअरच्या फाइलवर डिजिटल सही ठेवा आणि यंत्रावर उघड्या किल्लीने तपासा. ओपनडब्ल्यूआरटी यासाठी यूसाइन वापरतं, ईडी२५५१९ सह्यांचं छोटं साधन आहे. नुसती एसएचए२५६ ची बेरीज त्याच सर्व्हरवरून उतरवण्यात अर्थ नाही. फाइल बदलणारा बेरीजही बदलेल. आणि सहीची तपासणी फ्लॅशवर लिहिण्याआधी, रॅममध्ये असतानाच. ६४ एमबी रॅमला ५ एमबीची प्रतिमा जड नाही.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर २०२१ मध्ये बिझीबॉक्समधल्या १४ त्रुटी एकदम जाहीर झाल्या. बऱ्याच ऑकमधल्या होत्या, बाकी मॅन, अनएलझेडएमए, ॲश, हश वगैरे. त्या १.३४ मध्ये मिटल्या, तुमचं १.२४ त्याच्या बरंच मागे आहे. ॲप्लेट काढताना आकाराबरोबर हेही बघा की बाहेरून आलेली फाइल किंवा नाव त्यातून जातं का.

---

जुनाट_मेक:

चाचणीचं कुणी बोललं नाही. टेस्टसूट फोल्डर यंत्रावर न्या, नवी बायनरी आणि तिची ‘.कॉन्फिग’ फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा, ‘बाइनडिर’ व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवा आणि रनटेस्ट व्ही पर्यायासह चालवा. कॉन्फिग सोबत लागतेच, कारण बंद पर्यायांच्या चाचण्या त्यावरूनच वगळल्या जातात. ती नसेल तर नसलेल्या गोष्टींचे नापास शेरे येतात. रूट वाचण्यापुरतं असल्याने हे सगळं टेम्पएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टीमवर) करा. माहीत असलेले दोष वगळायला ‘स्किप_नोन_बग्ज’ आहे.

पहिली फेरी जुन्या १.२४ वर चालवू नका, त्याची टेस्टसूट वेगळी. १.३७.० ची टेस्टसूट आधी लॅपटॉपवर तशाच कॉन्फिगने चालवा, तो निकाल जपून ठेवा आणि यंत्रावरच्या निकालाशी ताडा. जो फरक निघेल तो मसलचा, एआरएमचा किंवा कर्नलचा. आपल्या स्क्रिप्ट ज्या वागणुकीवर विसंबतात तिच्या चाचण्याही त्याच पद्धतीने लिहा. ‘टेस्टिंग’ फंक्शनला पाच गोष्टी द्यायच्या: वर्णन, कमांड, अपेक्षित उत्तर, इनपुट फाइलचा मजकूर, स्टँडर्ड इनपुट. टाइमआउटची नवी पद्धत, स्लीप ०.५, ६४ बिट बेरीज या तीन ओळी तर आजच घाला.

मसल १.१ आहे म्हणालात. बिझीबॉक्स हलवताय तर टूलचेनही हलवा. मसल १.२.० पासून ३२ बिट यंत्रावरही वेळ ६४ बिटची झाली, २०३८ चा प्रश्न (३२ बिटची वेळ त्या साली संपते) तिथे सुटतो. मात्र वेळेचे नवे सिस्कॉल लिनक्स ५.१ मध्ये आले. कर्नल त्याआधीचा असेल तर मसल जुन्यांवर परततं आणि २०३८ जागच्या जागी राहतं. कुठून तयार मिळालेली .ए लायब्ररी असेल आणि तिच्या इंटरफेसमध्ये वेळ किंवा स्टॅटचं स्ट्रक्चर असेल, तर ती नव्या मसलवर पुन्हा बांधून घ्या. जुनी तशीच लिंक होते आणि आकडे सरकतात.

टूलचेन आणि बिझीबॉक्स एकाच कमिटमध्ये बदलू नका. आधी टूलचेन नवं आणि बिझीबॉक्स जुना, टीसी बंद करून. ते आठवडाभर चालवा. मग बेसलाइन घ्या आणि बिझीबॉक्स बदला. नाहीतर ब्लोटचेकच्या तक्त्यात कंपायलरचा फरक आणि सोर्सचा फरक यांची खिचडी होते.

---

पिनआउट:

मग क्रम असा लावतो: सामाईक कप्प्यावरच्या स्क्रिप्ट रूटमध्ये हलवणे आणि टाइमआउटचं फंक्शन, टूलचेन, बेसलाइन, पॅचशिवाय १.३७.०, वॉचडॉग मुख्य प्रोग्रॅमकडे, सेन्सर डिव्हाइस ट्रीत, शेवटी सही. २०० केबीचं उद्दिष्ट बिझीबॉक्सच्या खात्यातून काढून कर्नल मॉड्यूल्सच्या खात्यात टाकलं.

एकच: पॅच शून्यावर आले तर ग्राहकाला सोर्स द्यायची गरज उरते का?

---

काटकसर:

उरते. बिझीबॉक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. बायनरी दिली की सोर्स द्यायचा, तुम्ही त्यात बदल केले असोत वा नसोत. सोर्सच्या टारबॉलबरोबर तुमची कॉन्फिग फाइल आणि बांधायच्या स्क्रिप्टही त्यात येतात. अमेरिकेत जीपीएलवरून पहिला दावा २००७ साली झाला तो बिझीबॉक्सवरूनच. बिल्डरूटमध्ये ‘मेक लीगल-इन्फो’ चालवा, टारबॉल, परवाने आणि यादी एका फोल्डरमध्ये तयार मिळते. बिझीबॉक्सची कॉन्फिग त्यात आली आहे ना ते उघडून बघा, आणि प्रत्येक रिलीजबरोबर तो फोल्डर जपून ठेवा.

क्रमात एक बदल: सही शेवटी नको, १.३७.० च्या आधी घ्या. पहिलं मोठं अपडेट जाईल तेच तपासणीशिवाय जाणार असेल तर कसं चालेल? तपासणारा प्रोग्रॅम आणि किल्ली आधीच्या एका लहान अपडेटमधून पोचवा.